रडायचं असेल तरी हेयरच
रोमान्स कादंबऱ्या म्हणजे नुसता टाइमपास असं लोक म्हणतात म्हणून लिहितेय. असेना का टाइमपास! डोक्याला शॉट लागला की मी जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची रोमान्स कादंबरी काढते, त्यातही १९६५ चं 'फ्रेडरिका'. शेवट पाठ आहे, पण तेच तर हवं असतं ना, कोणी मरणार नाही ही गॅरंटी. बॉलडान्स, हिरोचे कोट वगैरे ठीके, माझा जीव अडकतो तो फ्रेडरिकाच्या, म्हणजे नायिकेच्या, घरच्या कुत्र्यात. ते लंडनच्या ग्रीन पार्कातल्या गाईंच्या मागे लागतं, आता तक्रार होणार म्हणून त्याला अमुक जातीचं, मग थेट बलुचिस्तानी हाउंड ठरवून टाकतात, इथे मी दरवेळी एकटीच खिदळते, घरचे बघत बसतात. आणि रडू कुठे येतं तर लव्हसीनला नाही, फ्रेडरिकाचा धाकटा भाऊ बलूनमधून उडून पडतो, तापाने फणफणतो, आणि सगळ्याला कंटाळलेला तो मार्क्विस, म्हणजे आपला उमराव हिरो, त्याच्या उशाशी बसतो. आय लव्ह यूपेक्षा हे भारी, माझ्या मते. हां, श्रीमंती जरा जास्तच आहे, गरीब माणूस दिसला तर नोकर म्हणूनच, ते खटकतं. पहिलं पुस्तकही हेयरबाईंनी म्हणे स्वतःच्या आजारी भावाचं मन रमवायला रचलं होतं, ते छापून आलं १९२१ मध्ये. नवीन असाल तर त्यापासून नका सुरू करू, आधी फ्रेडरिकाच घ्या.