माशाच्या भ्रूणात मेंदूची जागा कोणते जनुक ठरवते?

अंकुर_दादर

नमस्कार. मी मुंबईत प्राणिशास्त्राच्या तृतीय वर्षाला शिकतो. नुकतेच प्रात्यक्षिकात आम्हाला झेब्रा माशाचे भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाले. फलनानंतर साधारण एका दिवसाचे ते भ्रूण इतके पारदर्शक होते की डोळे, कानाची चिमुकली पिशवी, मेंदूतील पोकळ्या आणि मध्यमस्तिष्क व पश्चमस्तिष्क यांच्यामधली खाच सगळे काही स्पष्ट दिसत होते. माझा प्रश्न असा, की सर्व पेशींमध्ये जनुके तीच असतील, तर पुढच्या टोकाला मेंदू आणि मागे मज्जारज्जू हे ठरते कसे? ‘मेंदूचे जनुक’ म्हणता येईल असे एखादे मुख्य जनुक असते का? पुस्तकात जनुकांची नावे एकापाठोपाठ एक दिली आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

जीवशास्त्र_मुलुंड

अंकुर, मेंदू घडवण्याचा हुकूम सोडणारे असे एकच जनुक नसते. मेंदूची जागा बऱ्याच अंशी मनाईने ठरते, म्हणजे कोणता संकेत कुठे पोहोचू द्यायचा नाही यावरून. मी हा विषय शिकवते तेव्हा याच धाग्यापासून सुरुवात करते, कारण तो हाती आला की नावांची यादी पाठ करावी लागत नाही.

पहिले सुमारे तीन तास भ्रूण आईने अंड्यात साठवलेल्या आरएनएवर आणि प्रथिनांवर चालतो. त्याची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात ती पेशींची संख्या हजाराच्या घरात गेल्यावर. सहाव्या तासाच्या सुमारास, बलकावर पसरत चाललेल्या पेशींच्या थराच्या कडेला एके ठिकाणी जाडसर भाग दिसू लागतो. त्याला शील्ड म्हणतात आणि तीच पुढे पाठीची बाजू होते. हान्स स्पेमान आणि हिल्ड मँगोल्ड यांनी १९२४ साली न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या भ्रूणात जो ‘संघटक’ भाग दाखवून दिला, त्याचे माशातले रूप म्हणजे ही शील्ड. पोटाच्या बाजूला बीएमपी हे संकेत-प्रथिन भरपूर असते आणि ते बाह्यस्तरातील, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातील, पेशींना त्वचेच्या वाटेला लावते. शील्डच्या बाजूने कॉर्डिन नावाचे प्रथिन स्रवते, ते बीएमपीला जखडून ठेवते, आणि अशा रीतीने बीएमपीच्या तावडीतून सुटलेल्या पेशींचा चेतापट्ट, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून घडतात तो पट्टा, होतो. कॉर्डिनचे जनुक बिघडले की हा पट्ट आक्रसतो. बीएमपीचेच एक जनुक बिघडले की तो पोटाच्या बाजूपर्यंत पसरतो.

परंतु चेतापट्ट झाला म्हणजे मेंदू झाला असे नाही. थराच्या कडेकडून, म्हणजे भावी शेपटीच्या दिशेने, विंट गटाची संकेत-प्रथिने येतात. एफजीएफ ही संकेत-प्रथिने आणि रेटिनॉइक आम्ल हा संकेत-रेणू यांचाही रोख तोच असतो. ज्या पेशींना हे संकेत अधिक मिळतात त्या पश्चमस्तिष्काकडे आणि मज्जारज्जूकडे वळतात. अगदी पुढच्या टोकाला मात्र विंटला अडवणारी प्रथिने तयार होतात आणि त्यांच्या आडोशालाच अग्रमस्तिष्क वाढते. ‘हेडलेस’ नावाच्या उत्परिवर्ती (एखादे जनुक बिघडलेल्या) माशात डोळे, अग्रमस्तिष्क आणि मध्यमस्तिष्काचा काही भाग तयारच होत नाही. आता त्यात बिघडलेले जनुक कोणते, तर टीसीएफ-३, ज्याचे काम विंटच्या हुकमतीखालची जनुके मिटलेली ठेवणे एवढेच आहे. ‘मास्टरब्लाइंड’ या दुसऱ्या उत्परिवर्ती माशात विंटला आवर घालणारे ॲक्सिन-१ बिघडते आणि तिथेही डोळे व अग्रमस्तिष्काचे पुढचे टोक हरवते. डोके घडण्यासाठी हा पहारा किती आवश्यक आहे हे मला याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

असे बरेच उत्परिवर्ती मासे जर्मनीतील ट्युबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथील दोन मोठ्या शोधमोहिमांतून मिळाले. त्यांचे निष्कर्ष डिसेंबर १९९६ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. जमल्यास ते मूळ शोधनिबंध जरूर चाळावेत. त्यांतली छायाचित्रे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा जास्त शिकवतात.

निशिगंध

ताईंनी फार नेमके लिहिले आहे. अंकुर यांनी पाहिलेल्या त्या खाचेबद्दल मात्र थोडी भर घालावीशी वाटते, कारण मला स्वतःला सगळ्या मेंदूत तीच जागा सर्वाधिक मोलाची वाटते.

गॅस्ट्रुलेशन, म्हणजे पेशी सरकून भ्रूणाचे थर बनण्याची क्रिया, चालू असतानाच चेतापट्टाच्या पुढच्या भागात ओटीएक्स-२ आणि त्याच्या मागे जीबीएक्स ही जनुके सुरू होतात. ती एकमेकांना दाबतात, आणि जिथे दोघांची हद्द भिडते तिथे पुढे ती खाच पडते. दहाव्या तासाच्या आसपास पॅक्स-२-ए, विंट-१ आणि एफजीएफ-८ ही जनुके तिथे कामाला लागलेली असतात, आणि त्यानंतर ही हद्द स्वतःच संकेत सोडणारे केंद्र बनते. एफजीएफ-८ निकामी असलेल्या माशात अनुमस्तिष्क (मेंदूचा ‘लहान मेंदू’ म्हणतात तो मागचा भाग) तयारच होत नाही. कोंबडीच्या भ्रूणात तर एफजीएफ-८ मध्ये भिजवलेला मणी अग्रमस्तिष्काच्या मागच्या भागात ठेवला असता तिथे मध्यमस्तिष्कासारखी रचना उगवली. म्हणजे आरंभी नुसती सीमा होती, ती पुढे दोन्ही बाजूंच्या प्रदेशांना घडवू लागली.

आणखी एक मुद्दा. संकेताचे प्रमाण एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू उतरत जाते, मग मेंदूच्या भागांच्या कडा इतक्या रेखीव कशा? पश्चमस्तिष्कात याचे उत्तर चांगले कळलेले आहे. तिथे एकामागोमाग एक असे सात खंड पडतात आणि क्रॉक्स-२० हे जनुक त्यांतील फक्त तिसऱ्या व पाचव्या खंडात चालू असते. सुरुवातीला त्याची कड ओबडधोबड असते. नंतर पेशींच्या पृष्ठभागावरील ईफ आणि एफ्रिन ही प्रथिने शेजारच्या खंडातील पेशींना दूर सारतात आणि कड सरळ होते. संकेतांच्या प्रमाणावरच सगळा भर दिला, तर पेशींची ही हालचाल नजरेआड होते.

अंकुर_दादर

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. आता बीएमपी आणि विंट यांचे नाते लक्षात आले. यातले माणसाला कितपत लागू होते? आणि हे टप्पे आमच्या महाविद्यालयात पुन्हा नीट पाहायचे झाल्यास काय काळजी घ्यावी?

जीवशास्त्र_मुलुंड

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे किमान एक जोडीदार जनुक झेब्रा माशात आहे. वर सांगितलेली प्रथिने आपल्यातही आहेत, आणि मेंदूचे दोन अर्ध वेगळे न होण्याचा जो जन्मजात विकार बाळांमध्ये आढळतो, त्यात एसएचएच किंवा एसआयएक्स-३ यांसारख्या जनुकांतील बिघाड सापडतात. तरी दोन ठिकाणी जपून राहावे. माशांच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता, त्यामुळे एका मानवी जनुकाच्या जागी माशात पुष्कळदा दोन असतात आणि कामही वाटले जाते. दुसरे असे, की आपल्यात चेतापट्ट दुमडून नलिका होते, तर माशात आधी भरीव दांडा बनतो आणि पोकळी नंतर उघडते. म्हणून नलिका न मिटण्याच्या मानवी विकारांबद्दल माशावरून थेट अनुमान काढू नये.

प्रात्यक्षिकाबद्दल: हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, आणि क्रॉफर्ड मार्केटमधल्या शोभिवंत माशांच्या दुकानांतही मिळतो. तो पहाटे उजेड होताच अंडी घालतो आणि स्वतःची अंडी खातोही, म्हणून टाकीच्या तळाशी जाळी हवीच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापमान. वर दिलेले तास २८.५ अंश सेल्सिअसचे आहेत. वातानुकूलित प्रयोगशाळेत पाणी २५ अंशांवर आले, तर २४ तासांची अवस्था गाठायला सुमारे ३० तास लागतात, आणि मग पुस्तकात लिहिलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. भ्रूण उष्मापेटीत ठेवावेत, आणि वेळेबरोबर भ्रूणाची प्रत्यक्ष अवस्थाही प्रत्येक वेळी वहीत नोंदवावी.