उलरिश म्यूए यांचं पुढे काय बघावं?

कोपऱ्यातली_खुर्ची
काल 'दास लेबेन देअर आंडेरेन' (२००६) पाहिला. १९८४चं पूर्व बर्लिन, माळ्यावर हेडफोन लावून नाटककाराचं घर ऐकत बसलेला श्टाझीचा (पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस) कॅप्टन वीसलर. चेहऱ्यावरची रेष हलत नाही आणि शेवटी घसा माझा दाटला! या नटाचं अजून काय पाहू? माझं जर्मन ए२पर्यंतच (प्राथमिक पातळी), सबटायटल्स हवीत. फार भीषण नको.

हिंगाष्टक
'श्टोंक!' (१९९२). हिटलरच्या बनावट डायऱ्या छापून १९८३ मध्ये एका मासिकाची जी शोभा झाली, त्यावरचा विनोदी सिनेमा. म्यूए प्रकाशनातला बडा साहेब. हाच पुढे वीसलर होतो हे खरं वाटत नाही.

रात्रपाळी
'फनी गेम्स' (१९९७) कुणीतरी सुचवेलच, तू मात्र लांब राहा. रक्त फारसं दिसत नाही, तरी मी मध्येच बंद करून दिवा लावला होता. त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने, हानेकेने, टीव्हीसाठी काफ्काचा 'दास श्लॉस' केला, त्यात म्यूए नायक 'के' आहेत. तो बघ. दोन्हींत सोबत सुझान लोथार, त्यांची खरी बायको.

म्युन्शेनकर
हिंगाष्टक, +१. पण इथे जर्मनीत घरोघरी ते ओळखीचे झाले मालिकेमुळे: 'देअर लेट्स्टे त्सॉयगे', त्सेट-डे-एफ वाहिनी, १९९८ ते २००७. न्यायवैद्यक डॉक्टर कोलमार. शवविच्छेदनाचं टेबल सोसत असेल तर ए२ला बरी, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात.

आणि वीसलर असा का जमला? म्यूए पूर्व जर्मनीचेच, जन्म ग्रिमाचा. आधी बांधकामाचं काम शिकले, सक्तीच्या लष्करी नोकरीत बर्लिनच्या भिंतीवर पहारा दिला. मग लाइपझिगला नाट्यशिक्षण. ४ नोव्हेंबर १९८९ला आलेक्झांडरप्लात्सवरच्या प्रचंड सभेत व्यासपीठावरून बोलले. पाच दिवसांत भिंत उघडली. पुढच्या मार्चमध्ये हायनर म्युलरच्या कित्येक तास चालणाऱ्या नाटकात हॅम्लेट. फेब्रुवारी २००७ मध्ये सिनेमाला ऑस्कर, जुलैमध्ये पोटाच्या कर्करोगाने गेले. ५४ वर्षांचे होते.

हिंगाष्टक
अवांतर: कान तयार करायचा असेल तर ख्रिस्टियान ब्र्युकनर ऐक. जर्मन डबिंगमधला डी नीरोचा आवाज. त्यांची ऑडिओबुक्सही आहेत.

कोपऱ्यातली_खुर्ची
भिंतीवरचा पहारेकरी! आता वीसलर परत बघावा लागणार. शनिवारी 'श्टोंक!'. आई सोबत बसते म्हणतेय, चालेल ना?

हिंगाष्टक
एक-दोन प्रसंगांत तिला चहा करायला पाठव.