मदत हवी आहे: अडुळशाच्या पानातला जिवाणू प्लेटवर झोन देतो, गाळलेल्या ब्रॉथमध्ये नाही

नमस्कार,

एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी अडुळशाच्या पानांच्या आत राहणारे जिवाणू, म्हणजे एंडोफाइट, वेगळे करते आहे. पानं 70 टक्के अल्कोहोल, मग सोडियम हायपोक्लोराइट आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात खळबळून घेतली. ते शेवटचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरलं, तर त्यावर काही उगवलं नाही. म्हणजे वसाहती पानाच्या आतल्याच, असं धरून चालले आहे.

त्यातला एक आयसोलेट (वेगळा केलेला जिवाणू) पांढुरका, कोरडा, कडेला सुरकुतलेला आहे. ग्राम पॉझिटिव्ह, दंडाकार, बीजाणू दिसतात, त्यामुळे बहुधा बॅसिलस. स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ) या जिवाणूच्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर वाढवलेल्या थरावर, त्याचा ठिपका दिला की भोवती स्वच्छ झोन येतो, म्हणजे तिथे स्टॅफ वाढत नाही. ई. कोलायवर येत नाही, पण तो ग्राम निगेटिव्ह, त्याचं बाहेरचं आवरण आड येतं, हे समजू शकते. अडचण पुढे आहे. हाच आयसोलेट ब्रॉथमध्ये (द्रव खाद्यात) 24 तास वाढवला, सेंट्रिफ्यूज करून आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पेशी काढल्या आणि उरलेला द्रव प्लेटमधल्या वेलमध्ये (खळग्यात) घातला, तर स्टॅफवरही काहीच नाही.

गाइड म्हणतात, दुसरा आयसोलेट बघ. मला तो सोडवत नाही. ऑस्ट्रेलियातले आदिवासी जखमांवर जी केनेडिया निग्रिस्कान्स ही वेलवर्गीय वनस्पती वापरत, तिच्या आतल्या स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूमधूनच म्युनुम्बिसिन ही प्रतिजैविकं मिळाली, 2002 साली तो शोध प्रसिद्ध झाला. अडुळशात स्वतःचं व्हॅसिसिन हे औषधी द्रव्य आहेच, पण आतल्या जिवाणूंचाही काही वाटा असेल तर तो नीट तपासायला हवा.

झोन कुठे हरवतो आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: 24 तास कमी पडत असतील. बॅसिलस बनवतात ते सर्फॅक्टिनसारखे लिपोपेप्टाइड (मेद जोडलेले पेप्टाइड रेणू) वाढ मंदावल्यावर जास्त साठतात, म्हणून 48 आणि 72 तासांचेही नमुने घ्या. दुसरं, हे रेणू फिल्टरच्या पडद्याला चिकटून बसू शकतात. सुपरनेटंटचा (सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेल्या द्रवाचा) पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने 2 वर आणा, रात्रभर 4 अंशांवर ठेवा, खाली बसलेला साका मिथेनॉलमध्ये विरघळवून लावा. शेजारच्या वेलमध्ये नुसतं मिथेनॉल हवंच, नाहीतर आलेला झोन कशाचा ते कळणार नाही. आणि ठिपक्याभोवतीचा झोन आम्लामुळे किंवा अन्न संपल्यामुळेही येऊ शकतो, तेही पडताळा.

धागाकर्ती: मनापासून आभार. फिल्टरचं लक्षातच आलं नव्हतं. 72 तासांचा ब्रॉथ आजच लावते, साका मिळाला की प्लेटचा फोटो इथेच टाकेन.