फोग्ट्स यांना केवळ नशीबवान म्हणणे अन्यायाचे

आधीचे प्रशिक्षक बेकेनबाउअर यांनी घडवलेला जर्मन फुटबॉल संघ आयता मिळाल्यामुळेच बर्टी फोग्ट्स प्रशिक्षक म्हणून तरले, असे म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते. १९९० साली त्यांच्या हाती विश्वविजेता संघ आला, हे खरे. पण १९९६ च्या युरो (युरोपीय राष्ट्रांच्या) स्पर्धेतील विजेतेपदाचे श्रेय त्या वारशाला देता येणार नाही. अंतिम सामन्यापूर्वी दुखापती आणि निलंबनामुळे जर्मन संघ इतका खिळखिळा झाला होता की, आयोजकांनी एक जादा खेळाडू घेण्याची मुभा दिली. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध पिछाडीवर असताना फोग्ट्स यांनी ऑलिव्हर बिअरहोफ याला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले आणि त्याने आधी बरोबरी साधून नंतर जादा वेळेत सुवर्णगोलही (होताच सामना तिथेच संपवणारा निर्णायक गोल) केला.

खेळाडू म्हणूनही ते असेच चिवट होते. ‘टेरियर’ (चिवट शिकारी कुत्र्याची एक जात) हे टोपणनाव त्यांना उगाच मिळाले नव्हते. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा अव्वल खेळाडू योहान क्रायफ याला सावलीसारखे चिकटून राहण्याची कामगिरी त्यांच्याकडेच होती. बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या एकाच क्लबकडून ते बुंडेसलीगा या जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेचे ४१९ सामने खेळले आणि पाच वेळा विजेते ठरले. (१९७८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाविरुद्धचा त्यांचा स्वयंगोल मात्र व्हिएन्नात आजही आवडीने आठवला जातो!)

पुढचा प्रवास तितका सुखाचा नव्हता. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाने त्यांच्या जर्मन संघाचा ३-० असा धुव्वा उडवला. स्कॉटलंडचे प्रशिक्षक असताना नेदरलँड्सला १-० ने हरवल्यानंतर परतीच्या लढतीत त्यांच्या संघाने सहा गोल खाल्ले.