१६ नंबर ज्युनियरमध्ये अजून आहे

'भारतीय हॉकी संघाचा गोलकीपर श्रीजेशचा १६ नंबर (जर्सीवरचा) निवृत्त केला, आता नव्या गोलकीपरांना तो कधीच मिळणार नाही' अशी हळहळ इथल्या चर्चेत दिसते, पण ती अर्धीच खरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हॉकी इंडियाने तो फक्त सीनियर संघापुरता निवृत्त केला. ज्युनियरमध्ये तो चालू आहे. मला हे फार आवडलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनला २-१ हरवल्यावर गोलपोस्टवर चढून बसलेला श्रीजेश अजून डोळ्यांसमोर आहे. तो नंबर पाठीवर घेऊन एखादं पोर गोलमध्ये उभं राहील, त्याला केवढं बळ येईल!

आणि महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपालला विसरू नका. त्याच वर्षी तिचा २८ नंबरही निवृत्त झाला, पण त्यावर इथे एका ओळीचीही चर्चा नाही, याचं वाईट वाटतं.