घर-जागेच्या व्यवहारातील दोष : आपले अनुभव लिहावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घर किंवा जागा घेताना अथवा विकताना कोणता दोष उघड झाला आणि त्यातून मार्ग कसा निघाला, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या ध्यानात येणार नाही असा मोठा दोष, मग तो वास्तूचा असो वा मालकीचा, ठाऊक असल्यास विक्रेत्याने उघड केला पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे (१८८२) कलम ५५ सांगते. वेगवेगळ्या वाचकांचे काही अनुभव पुढे दिले आहेत.

शहापूर : आम्ही पाहिलेले घर नुकतेच रंगवलेले होते, परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग रंगाखालूनही जाणवत होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पाया उथळ असला की अशा भेगा पुन्हा पुन्हा उघडतात. म्हणून संचकार (विसार) देण्यापूर्वी आम्ही मालकांच्या परवानगीने भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने बसवून घेतली. पाऊस सुरू झाल्यावर ती तडकली, म्हणजे भिंत अजूनही हलत होती. अभियंत्यांनी पाया बळकट करण्याचा खर्च लिहून दिला आणि तो किमतीतून वजा झाल्यावरच व्यवहार ठरला. बळ्ळारी नाल्याचे पाणी त्या बाजूला कुठवर चढते, हे मात्र शेजारच्या काकूंनी सांगितले; ते कोणत्याच कागदावर नव्हते.

खानापूर तालुका : वडिलांचे चिऱ्याचे कौलारू घर विकताना वाशांना लागलेली वाळवी आणि मागच्या भिंतीची ओल मी स्वतः दाखवली व करारपत्रात नोंदवली. दलालांना ते रुचले नाही, किंमतही उतरली. घेणारे कुटुंब आजही जुनी कौले कुठे मिळतील हे विचारायला आमच्याकडे हक्काने येते, आणि मला ते किमतीपेक्षा मोलाचे वाटते.

येळ्ळूर : आमचा अडथळा मालकीचा होता. ईसीमध्ये (नोंदणी कार्यालयाच्या बोजा-दाखल्यात) बोजा नव्हता, परंतु तिच्यात केवळ नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. घरातला वारसाहक्क दिसत नाही. उतारा कन्नडमध्ये असल्याने तो जाणत्या वकिलांकडून ओळीने वाचून घेतला, तेव्हा विकणाऱ्या दोघा भावांच्या विवाहित बहिणीचे नाव कोठेच नसल्याचे लक्षात आले. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी पूर्वीच झालेली नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. आम्ही त्या ताईंना भेटलो, त्यांचा मोबदला त्यांच्याच हाती पोहोचेल असे ठरवले आणि खरेदीपत्रावर त्यांची सही घेतली. भावांची "आमचं आम्ही बघून घेऊ" ही तोंडी हमी कोणीही स्वीकारू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

टिळकवाडी : नव्या फ्लॅटच्या स्लॅबमधून गळती होती. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. फोनवर दाद मिळाली नाही. छायाचित्रांसह रजिस्टर पत्र पाठवल्यावर काम सुरू झाले.