व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ : डीबगर थांबत नाही आणि टेबल उघडताना ‘फाइल ॲक्सेस इज डिनाइड’

प्रश्न

आमच्या विभागातील साठ्याच्या नोंदी व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये लिहिलेल्या एका जुन्या प्रणालीवर चालतात. डीबीएफ (टेबलाच्या नोंदी), एफपीटी (नोंदींतील लांब मजकूर) आणि सीडीएक्स (इंडेक्स) या सर्व फाइली सर्व्हरवरील एका सामायिक फोल्डरमध्ये आहेत. हे फोल्डर नव्या विंडोज सर्व्हरवर हलवल्यानंतर सुरुवातीचे काही आठवडे काम सुरळीत चालले. आता मात्र व्यवहारांचे मुख्य टेबल उघडताना वापरकर्त्यांना १७०५ क्रमांकाची ‘फाइल ॲक्सेस इज डिनाइड’ ही त्रुटी येते. काहींना ती दर वेळी येते, तर काहींना अधूनमधून. माझ्या संगणकावर ती एकदाही आलेली नाही.

शोध घेण्यासाठी मी संशयित प्रोसीजरमध्ये ‘सेट स्टेप ऑन’ (इथे थांबून डीबगर उघडण्याची आज्ञा) लिहून ईएक्सई पुन्हा बांधली, परंतु वापरकर्त्याच्या संगणकावर ट्रेस विंडो (कोड ओळीओळीने दाखवणारी डीबगरची खिडकी) उघडतच नाही. ‘ऑन एरर’मधून लिहिल्या जाणाऱ्या त्रुटी-नोंदवहीत प्रोसीजरचे नाव येते, पण ओळीचा क्रमांक नेहमी शून्य असतो. शिवाय एका वापरकर्त्याच्या संगणकावर ही नोंदवहीच सापडत नाही. ती ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये लिहिली जावी अशी रचना आहे.

डीबगर कामाला कसा लावावा आणि फाइल नेमकी कोण अडवत आहे हे कसे ओळखावे, या दोन्ही बाबतींत मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १

आधी डीबगरविषयी. फॉक्सप्रोचा डीबगर हा विकास-वातावरणाचा भाग आहे. रनटाइम लायब्ररीत (तयार ईएक्सई चालवण्यापुरत्या भागात) तो नाही. त्यामुळे वापरकर्त्याच्या संगणकावर केवळ रनटाइम असेल तर ‘सेट स्टेप ऑन’ ही ओळ निमूटपणे ओलांडली जाते आणि ब्रेकपॉइंटचाही उपयोग होत नाही. तीच ईएक्सई आपल्या संगणकावर विकास-वातावरणातील कमांड विंडोमधून ‘डू’ आज्ञेने चालवली, तर मात्र ट्रेस विंडो तिच्यात शिरू शकते. त्यासाठी ईएक्सई डीबग माहितीसह बांधलेली असावी लागते आणि मूळ प्रोग्रॅम फाइली त्यांच्या जागी असाव्या लागतात.

ओळीचा क्रमांक शून्य येणे ही खूण याच दिशेने बोट दाखवते. प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर ‘डीबग इन्फो’ची चौकट रिकामी असेल, तर संकलित कोडमध्ये ओळींचे क्रमांक ठेवलेच जात नाहीत आणि लाइननो() शून्य परत करते. ती चौकट भरा, ‘रीकंपाइल ऑल फाइल्स’ निवडून ईएक्सई पुन्हा बांधा आणि तीच वापरकर्त्यांना द्या. ईएक्सईचा आकार थोडा वाढेल, पण एवढ्या जुन्या प्रणालीत ओळींचे क्रमांक गमावणे मला कधीच परवडण्यासारखे वाटलेले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिथे डीबगर पोहोचत नाही तिथे नोंदवहीच आपला डीबगर असते. म्हणून ती समृद्ध करा. एएरर() त्रुटीचा तपशील ॲरेमध्ये भरून देते आणि एस्टॅकइन्फो() कोणत्या प्रोसीजरने कोणाला बोलावले याची संपूर्ण साखळी देते. टेबल उघडणारा भाग ‘ट्राय–कॅच’मध्ये घेतला, तर अपवाद-ऑब्जेक्टमधून क्रमांक, प्रोसीजर, ओळ आणि तपशील एकत्र मिळतात, ही सोय आवृत्ती ८ पासून आहे. याबरोबर त्या क्षणीची सेट("एक्सक्लुझिव्ह"), सेट("डेटासेशन") आणि पूर्ण मार्गासह फाइलचे नाव ही तीन मूल्येही लिहा. माझा कयास आहे की अधूनमधून येणाऱ्या त्रुटीचे उत्तर याच तीन मूल्यांत दडलेले असेल, कारण ‘सेट एक्सक्लुझिव्ह’चे (टेबल अनन्य, म्हणजे एकट्यासाठीच उघडावे का, हे ठरवणाऱ्या सेटिंगचे) मूळ मूल्य सामान्य डेटा सेशनमध्ये (उघडी टेबले आणि सेटिंगे यांच्या संचात) ‘ऑन’ आणि खासगी डेटा सेशनमध्ये ‘ऑफ’ असते. टेबल उघडणारी एकच ‘यूज’ आज्ञा खासगी सेशनच्या फॉर्ममधून चालवली तर टेबल सामायिक उघडते आणि मेनूवरून थेट एखाद्या प्रोग्रॅममधून चालवली तर अनन्य उघडू पाहते. कोड वाचताना हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण फाइलच्या बाबतीत आतून कितीही पाहिले तरी एका मर्यादेपलीकडे काही कळणार नाही. नकार फॉक्सप्रो देत नसून विंडोज देत आहे. फॉक्सप्रो तो नकार १७०५ या एकाच क्रमांकाखाली आपल्याला कळवते, आणि या क्रमांकामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात : एक तर वापरकर्त्याला त्या फाइलचा अधिकारच नाही, किंवा अधिकार आहे पण दुसऱ्या कोणी ती फाइल अशा रीतीने धरून ठेवली आहे की मागितलेला प्रवेश देता येत नाही. यांपैकी कोणती गोष्ट आहे हे ठरवल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे ठरतो.

हे ठरवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर वापरा. ज्याला त्रुटी येते त्याच वापरकर्त्याच्या संगणकावर, त्याच्याच लॉगिनखाली प्रणाली चालू ठेवून हे साधन प्रशासकाच्या अधिकाराने सुरू करा. गाळणीत प्रोसेसचे नाव म्हणून आपली ईएक्सई आणि मार्गात त्या टेबलाचे नाव द्या. मग त्रुटी घडवून आणा आणि ‘क्रिएट फाइल’ या क्रियेच्या ओळी पाहा. निकालाच्या स्तंभात ‘ॲक्सेस डिनाइड’ असेल तर प्रश्न अधिकारांचा आहे. ‘शेअरिंग व्हायोलेशन’ असेल तर प्रश्न सहवापराचा आहे. त्याच ओळीच्या तपशिलात ‘डिझायर्ड ॲक्सेस’ आणि ‘शेअर मोड’ दिलेले असतात. शेअर मोड ‘नन’ दिसला, तर आपलाच प्रोग्रॅम ती फाइल अनन्य मागत आहे हे कोड न उघडताच सिद्ध होते.

सहवापराचा प्रश्न निघाल्यास सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ची यादी पाहावी, फाइल कोणत्या वापरकर्त्याने उघडली आहे ते तिथे दिसते. या यादीत केवळ नेटवर्कवरून आलेले प्रवेश असतात. सर्व्हरवरच चालणारे बॅकअप किंवा विषाणूरोधक यांनी धरलेली फाइल इथे दिसणार नाही, तिच्यासाठी सर्व्हरवर वेगळा शोध घ्यावा लागेल.

अधिकारांचा प्रश्न निघाल्यास दोन ठिकाणे तपासा : शेअरचे अधिकार आणि एनटीएफएसचे (डिस्कवरील फाइल-व्यवस्थेचे) अधिकार. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जे अधिक कडक असेल तेवढेच मिळते. एनटीएफएसचे अधिकार फोल्डरवर पाहून थांबू नका, त्या विशिष्ट फाइलवरही पाहा.

हरवलेल्या नोंदवहीसाठी त्या वापरकर्त्याच्या स्थानिक ॲप-डेटा फोल्डरातील ‘व्हर्च्युअल स्टोअर’ पाहा. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रात) अधिकारपातळी न सांगणारा ३२-बिट प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहू लागला आणि वापरकर्त्याला तिथे लिहिण्याचा अधिकार नसला, तर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ते लेखन गुपचूप तिकडे वळवले जाते. प्रोग्रॅमला वाटते की आपण जागच्या जागी लिहिले. नोंदवही अशा फोल्डरात हलवा जिथे प्रत्येक वापरकर्त्याला लिहिता येते.

उत्तर ३

अशा तक्रारींवर एसएमबीचे (विंडोजमधील फाइल-सहवापराच्या नेटवर्क प्रोटोकॉलचे) ऑपॉर्च्युनिस्टिक लॉकिंग (फाइलचा मजकूर वापरकर्त्याच्या संगणकावर तात्पुरता साठवू देणारी सोय) बंद करा, नाहीतर एसएमबी १ ही जुनी आवृत्ती पुन्हा चालू करा, असा सल्ला जुन्या पानांवर वारंवार दिसतो. नवा सर्व्हर आल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर आधी हेच करून पाहावे असे मला वाटते.

उत्तर २ देणाऱ्याचा प्रतिसाद

कृपया तसे करू नका. त्या सल्ल्याचा विषय वेगळा आहे : एकाने केलेला बदल दुसऱ्याला उशिरा दिसणे, किंवा इंडेक्स बिघडणे. १७०५ हा उघडण्याच्या क्षणीच मिळालेला स्पष्ट नकार आहे आणि त्याचा स्थानिक साठवणीशी संबंध जोडण्याआधी प्रोसेस मॉनिटरची एक ओळ तरी हातात असली पाहिजे. शिवाय एसएमबी २ मध्ये हे लॉकिंग एसएमबी १ सारख्या जुन्या रजिस्ट्री-नोंदींनी बंद होत नाही, म्हणून तो सल्ला पाळायचा तर एसएमबी १ कडे परतावे लागते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला तो एसएमबी १ मधील दोषावरूनच, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मांडणीत एसएमबी १ मुळातच दिले जात नाही. एका टेबलाच्या अधिकारांसाठी संपूर्ण जाळ्याचे दार उघडे टाकणे मला अजिबात मान्य नाही.

प्रश्नकर्त्याकडून पुढील माहिती

दोन्ही सूचनांप्रमाणे तपासणी केली. डीबग माहितीसह बांधलेली ईएक्सई दिल्यावर नोंदवहीत ओळींचे क्रमांक येऊ लागले आणि हरवलेली नोंदवही ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्येच सापडली.

प्रोसेस मॉनिटरमध्ये दोन वेगवेगळे निकाल मिळाले. ज्यांना अधूनमधून त्रुटी येते त्यांच्याकडे ‘शेअरिंग व्हायोलेशन’ असून शेअर मोड ‘नन’ आहे. ती ओळ मासिक अहवालाच्या प्रोग्रॅममधील आहे. तो मेनूवरून थेट चालतो आणि नोंदवहीप्रमाणे त्या वेळी ‘सेट एक्सक्लुझिव्ह’ हे ‘ऑन’ असते. म्हणजे दुसऱ्या कोणाकडे टेबल उघडे असेल तेव्हाच अहवाल अडतो.

ज्यांना दर वेळी त्रुटी येते त्यांच्याकडे मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’ आहे. सर्व्हरवर पाहिले असता इतर सर्व टेबलांच्या अधिकारांत वापरकर्त्यांच्या गटाचे नाव आहे, फक्त या टेबलाच्या डीबीएफ आणि एफपीटीवर ते नाही. फोल्डरवर त्या गटाला केवळ ‘लिस्ट फोल्डर कंटेंट्स’ दिलेले आहे. या टेबलावर दर महिनाअखेरीस रात्री स्वयंचलित कामातून ‘पॅक’ (खोडलेल्या नोंदी कायमच्या काढण्याची आज्ञा) चालते. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

उत्तर २ देणाऱ्याचे दुसरे उत्तर

थेट संबंध आहे. ‘पॅक’ आहे त्या फाइलीतून खोडलेल्या नोंदी काढून टाकत नाही. ते न खोडलेल्या नोंदी एका तात्पुरत्या टेबलात उतरवते, मूळ टेबल डिस्कवरून पुसते आणि तात्पुरत्या टेबलाला मूळचे नाव देते. नाव जुने असले तरी फाइल नवी असते, आणि नव्या फाइलला अधिकार मिळतात ते फोल्डरकडून वारशाने. स्थलांतराच्या वेळी गटाचे अधिकार फाइली निवडून थेट फाइलींवर दिले गेलेले दिसतात. ते जुन्या फाइलीबरोबर पुसले गेले. ‘लिस्ट फोल्डर कंटेंट्स’ हा अधिकार उपफोल्डरांना वारशाने जातो, फाइलींना जात नाही, म्हणून नव्या डीबीएफवर गटाचा उल्लेखच उरला नाही. पहिले काही आठवडे सर्व ठीक होते, कारण तोवर महिनाअखेर आलेली नव्हती. आपले खाते प्रशासकांच्या गटात असल्यास आपल्याला त्रुटी का दिसली नाही हेही यातून उलगडते. अशा तपासण्या नेहमी साध्या वापरकर्त्याच्या खात्यानेच कराव्यात.

उपाय फोल्डरवर करा : गटाला ‘मॉडिफाय’ अधिकार ‘हे फोल्डर, उपफोल्डर आणि फाइली’ या व्याप्तीसह द्या आणि फाइलींवर स्वतंत्रपणे दिलेले अधिकार काढून वारसा सुरू करा. केवळ या एका फाइलीवर गटाचे नाव पुन्हा घातले, तर पुढच्या महिनाअखेरीस हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

उत्तर १ देणाऱ्याचे दुसरे उत्तर

अहवालाच्या प्रोग्रॅममध्ये ‘यूज … शेअर्ड’ असे स्पष्ट लिहा आणि मुख्य प्रोग्रॅमच्या आरंभी ‘सेट एक्सक्लुझिव्ह ऑफ’ ठेवा. दोन्ही करा, आज्ञेतच ‘शेअर्ड’ लिहिलेले असले की पुढे कोड वाचणाऱ्याला सेटिंग शोधत बसावे लागत नाही. ‘पॅक’ आणि ‘रीइंडेक्स’ यांना मात्र अनन्य प्रवेश लागतोच. तिथे ‘यूज … एक्सक्लुझिव्ह’ असेच स्पष्ट लिहा आणि तो न मिळाल्यास काम सोडून देऊन नोंदवहीत तसे लिहा.

‘पॅक’ दर महिन्याला खरोखरच हवे का, याचाही विचार व्हावा. फॉक्सप्रोच्या प्रत्येक फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे; टेबल त्याच्या आसपासही नसेल आणि खोडलेल्या नोंदी थोड्याच असतील, तर ‘सेट डिलीटेड ऑन’ (खोडलेल्या नोंदी लपवणारे सेटिंग) पुरेसे असते. हे सेटिंगही डेटा सेशनगणिक वेगळे असते, म्हणून खासगी सेशनच्या फॉर्ममध्ये ते पुन्हा द्यावे लागते.

‘पॅक’ ठेवायचेच असेल तर त्याआधी तिन्ही फाइलींची प्रत घ्या आणि हेडर (फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) तपासा. डीबीएफच्या हेडरमध्ये पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये नोंदींची संख्या असते. हेडर() अधिक रेककाउंट() गुणिले रेकसाइज() एवढा फाइलचा आकार असला पाहिजे. फार तर शेवटच्या खुणेचा एक बाइट अधिक. उदाहरणार्थ, २० फील्डच्या टेबलाचे हेडर ९३६ बाइटचे असते. नोंद २१४ बाइटची आणि नोंदी १,००,००० असल्या तर फाइल २,१४,००,९३६ किंवा २,१४,००,९३७ बाइटची दिसली पाहिजे. हेडरमधील संख्या प्रत्यक्षाहून कमी झालेली असताना ‘पॅक’ चालले, तर शेवटच्या धडधाकट नोंदी कायमच्या जातात, आणि त्या वेळी कोणतीही त्रुटी येतेच असे नाही. आवृत्ती ८ पासून ‘सेट टेबलव्हॅलिडेट’ उघडताना अशी विसंगती पकडू शकते. तुमच्या कोडमध्ये कुठे ते शून्यावर आणलेले असेल तर ती ओळ आधी काढा.

प्रश्नकर्ता

फोल्डरचे अधिकार बदलून वारसा सुरू केला आणि चाचणीसाठी घेतलेल्या प्रतीवर ‘पॅक’ चालवून पाहिले. नव्या डीबीएफ आणि एफपीटीवर गटाचे नाव टिकले आहे. अहवालाची आज्ञा बदलून नवी ईएक्सई दिली आहे. दोन वापरकर्त्यांकडे टेबल उघडे असतानाही अहवाल निघतो. मासिक ‘पॅक’ तूर्त बंद केले असून, खोडलेल्या नोंदींचे प्रमाण किती आहे ते पाहून पुढे ठरवू.